चिनी देवळांच्या छपराखालचे लाकडी गुच्छ भार पेलतात की नुसते शोभेचे?

तुम्ही विचारलंय की चिनी देवळांत आणि राजवाड्यांत खांब आणि छप्पर यांच्यामध्ये दिसणारे ते रंगीत लाकडी गुच्छ खरंच वजन घेतात का. इमारत कोणत्या काळातली, त्यावर उत्तर अवलंबून आहे.

या रचनेचं नाव दोउगोंग. चौकोनी ठोकळा, त्यावर आडवा हात, हाताच्या टोकांवर पुन्हा ठोकळे, असे थर बाहेर सरकत वर चढतात. सांधे खाच-कुशीचे, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं. तिथल्या भिंती बहुतेक नुसता आडोसा असतात, छप्पर खांबांवर असतं. लाकडाला पाऊस लागू नये म्हणून वळचण बरीच पुढे काढायची, तर तिला खालून कुणीतरी तोलायला हवं. ते काम दोउगोंगचं. शिवाय भूकंपात हे सांधे थोडे सरकतात, घासतात आणि हादरा जिरवतात. शान्शी प्रांतात यिंगश्यानला १०५६ सालचा, सुमारे ६७ मीटर उंचीचा लाकडी पॅगोडा आहे. कललाय, पण उभा आहे.

खरा दोउगोंग पाहायचा तर त्याच प्रांतातलं फोग्वांग मंदिर. त्याचा पूर्वेकडचा सभामंडप ८५७ सालचा. लियांग सिचेंग आणि लिन ह्वेयिन या वास्तुतज्ज्ञ जोडप्याने १९३७ मध्ये तो शोधून त्याचा काळ निश्चित केला. तिथले गुच्छ खांबांच्या जवळपास निम्म्या उंचीचे आहेत! त्यांत 'आंग' नावाचे लांब तिरके दांडे आहेत. बाहेरचं टोक वळचण उचलतं, आतलं टोक छपराच्या वजनाखाली दाबलेलं. सरळसरळ तरफ.

पुढे मिंग आणि छिंग राजघराण्यांच्या काळात (१३६८ ते १९१२) तुळया थेट खांबांवर टेकू लागल्या, गुच्छ बारीक झाले आणि संख्येने वाढले. आंगचं बाहेरचं चोचीसारखं टोक तेवढं कोरलेलं राहिलं, मागे दांडाच नाही. मला ही जरा फसवणूक वाटते. पण तेव्हा दोउगोंग हे दर्जाचं चिन्ह होतं, सामान्य माणसाला घरावर लावायची मुभा नव्हती, म्हणून ते टिकलं.

खांब आणि तुळईच्या कोपऱ्यातले नक्षीदार तुकडे वेगळे, त्यांना च्युएथी म्हणतात. आपल्या वाड्यांतले हस्त आठवा, साधारण त्याच जागी. त्यांचंही पुढे बहुतांशी शोभेचं कामच उरलं.

फोटोवरून ओळखायचं असेल तर दोन खांबांच्या मधले गुच्छ मोजा. एखादाच आणि थोराड असेल तर इमारत बहुधा जुनी. बीजिंगच्या राजवाड्यासारखी बारक्या गुच्छांची दाट रांग असेल तर मिंग-छिंग.