ड्रॅगसाठी नायट्रस की टर्बो? आधी सोलापूरचं ऊन बघा

जुनी 1.2 पेट्रोल हॅचबॅक आहे, ड्रॅगला, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीला उतरवायचीय, नायट्रस (बाटलीतून इंजिनात सोडायचं नायट्रस ऑक्साइड) लावू की टर्बो, असं तुम्ही विचारलंय. मालक, अक्कलकोट रोडला माझं गॅरेज आहे. या गाडीला मी नायट्रसच लावीन, तेही 25-30 हॉर्सपॉवरपुरतं.

टर्बो वाईट नाही. एक्झॉस्टच्या वाया जाणाऱ्या गॅसवर फिरतो, इंजिनात जादा हवा दाबून भरतो, प्रत्येक रनला तीच ताकद देतो, काही भरायची कटकट नाही. पण साध्या इंजिनचं कॉम्प्रेशन आधीच जास्त, त्यात बूस्ट, म्हणजे ती दाबाची हवा कोंबली की नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून ठोके. मग पिस्टन बदला, मॅनिफोल्ड करून घ्या, हवा गार करणारा इंटरकूलर, इंजिनचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू... गाडीच्या किमतीला खर्च जाऊन भिडतो. आणि मे महिन्यात रांगेत दहा मिनिटं थांबलात की इंटरकूलरचा तवा झालेला असतो.

नायट्रस स्वतःच ऑक्सिजन घेऊन येतं. वजनाने 36 टक्के. हवेत जेमतेम 23. शिवाय द्रवाची वाफ होताना आत जाणारी हवा गार पडते. रन फक्त 402 मीटरचा, बाटलीतलं थोडंसं पुरतं.

घोळ बाटलीतच आहे. 36.4 अंशांच्या वर नायट्रस द्रव राहतच नाही, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात सावलीतच 42! थंड देशांत लोक बाटलीला हीटर लावतात म्हणे. मागच्या मे मध्ये एका मित्राच्या डिकीतली बाटली बघितली, दाबाच्या गेजचा काटा 1,200 पीएसआयच्या पुढे. असायला हवा 900 ते 950. एवढ्या दाबाने नायट्रस जास्त घुसतं, पेट्रोल तेवढंच राहतं, मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडलेलं होऊन पिस्टन वितळतो. घरातली जुनी चादर भिजवून बाटलीला गुंडाळली, सावलीत ठेवली, वर पाणी मारत राहिलो. कोरड्या हवेत काटा हळूहळू खाली आला. तासभर गेला, पण पिस्टन वाचला.

बटण फुल थ्रॉटलवर आणि 3,000 आरपीएमच्या वरच दाबायचं. प्लग एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा घ्या, ठिणगीचं टायमिंग थोडं मागे. होटगी रोडवर वगैरे अजिबात नको, रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे आणि समोरून उसाची ट्रॉली कधी येईल सांगता येत नाही. धावपट्टीवरच्या इव्हेंटला जा.

किट घेताना पैसे वाचवायचे तर कशातही वाचवा, प्रेशर गेज मात्र चांगलं घ्या. चादर तर घरी असेलच.