आर्बरी केसमध्ये सेल्फ डिफेन्स का चालला नाही?

तुमचा प्रश्न असा आहे की अमेरिकेत 2020 मध्ये पाठलाग करून मारल्या गेलेल्या अहमॉड आर्बरीने शेवटी बंदुकीला हात घातला, मग गोळी झाडणाऱ्याचा सेल्फ डिफेन्स ज्युरीने (निकाल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) का नाकारला, आणि ते लोक तर त्याला फक्त थांबवून पोलिसांकडे देणार होते, त्याला बेकायदा डांबणं कसं काय म्हणायचं. शिवाय भारतात असं झालं असतं तर काय, हेही विचारलंय. मी वकील नाही, पण जिथे हे घडलं त्या अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात राहतो, आणि 2021 च्या नोव्हेंबरमध्ये ही ट्रायल लाईव्ह चालू होती तेव्हा ऑफिसचं काम एका स्क्रीनवर आणि कोर्ट दुसऱ्या स्क्रीनवर अशी अवस्था होती, लंचला पण तोच विषय. त्यामुळे जमेल तसं सांगतो.

आधी थोडक्यात घटना. 23 फेब्रुवारी 2020, ब्रन्सविक गावाजवळची सटिला शोअर्स नावाची वस्ती. 25 वर्षांचा आर्बरी, काळा मुलगा, एका अर्धवट बांधलेल्या घरात शिरला, थोडा वेळ इकडेतिकडे बघितलं आणि पळत बाहेर निघाला. तिथे राहणाऱ्या ग्रेगरी मॅकमायकलने त्याला पळताना पाहिलं, हा माणूस पूर्वी पोलिसात होता आणि नंतर सरकारी वकिलाच्या ऑफिसात तपास अधिकारी. त्याने मुलाला म्हणजे ट्रॅव्हिसला हाक मारली, दोघांनी बंदुका घेतल्या आणि पिकअप ट्रक काढून मागे लागले. विल्यम ब्रायन नावाचा शेजारी स्वतःचा ट्रक घेऊन सामील झाला आणि त्यानेच मोबाईलवर तो व्हिडिओ काढला. जवळपास पाच मिनिटं हा प्रकार चालला, मग ट्रॅव्हिसने शॉटगनच्या तीन गोळ्या झाडल्या आणि आर्बरी मेला. दोन महिने कोणालाही अटक नाही! मे महिन्यात व्हिडिओ बाहेर आला, राज्याच्या तपास यंत्रणेने केस हातात घेतली आणि मग दोन दिवसांत बापलेक आत.

आता मुद्द्याचं. नेटवर जो वाद चालला तो सगळा त्या शेवटच्या काही सेकंदांवर. बंदूक कोणी ओढली, पहिली गोळी कधी सुटली, ट्रकच्या आड नक्की काय झालं, लोक फ्रेम थांबवून थांबवून बघत होते. माझ्या मते केसचा निकाल त्या सेकंदांमध्ये नव्हताच, तो आधीच्या पाच मिनिटांत होता. एकूण नऊ आरोप होते, त्यात खुनाचे पाच, ट्रक आणि बंदुकीने हल्ल्याचे दोन, आणि तळाला दोन आरोप ज्यांच्याबद्दल कोणी फारसं बोललं नाही, बेकायदा अडकवून ठेवणं आणि तसा प्रयत्न करणं. मला विचाराल तर सगळी केस त्या तळाच्या दोनांवर उभी होती.

कसं ते बघा. जॉर्जियाच्या कायद्यात असं आहे की तुम्ही स्वतःच एखादा गंभीर गुन्हा करत असाल, किंवा भांडण तुम्हीच सुरू केलं असेल, तर सेल्फ डिफेन्सचं कारण तुम्हाला मिळत नाही. आणि अधिकार नसताना माणसाला अडकवून ठेवणं हा तिथे गंभीर गुन्हाच आहे, एक ते दहा वर्षं शिक्षा. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की त्याला थांबवायचा अधिकार यांना होता का. होता, तर बचाव पक्षाची गोष्ट निदान उभी राहते. नव्हता, तर पाठलाग हाच गुन्हा, गुन्हा चालू असताना सेल्फ डिफेन्स नाही, आणि त्या गुन्ह्याच्या भरात माणूस मेला म्हणून खुनाचा आरोपही लागतो, मारायचा इरादा होता की नाही ते बघायचीसुद्धा गरज नाही.

बचाव पक्षाने म्हणूनच सगळा जोर सिटिझन्स अरेस्टवर लावला, म्हणजे नागरिकाने स्वतः केलेली अटक. जॉर्जियात तो कायदा 1863 सालचा, यादवी युद्धाच्या काळातला. त्यात लिहिलेलं की गुन्हा तुमच्या समोर झाला असेल किंवा तुम्हाला त्याची तात्काळ माहिती असेल तर अटक करता येते, आणि गंभीर गुन्हा करून माणूस पळत असेल तर वाजवी संशयावरही. बचावाचं म्हणणं की वस्तीत चोऱ्या होत होत्या, ट्रॅव्हिसच्या ट्रकमधून पिस्तूल गेलेलं, त्या घरातल्या कॅमेऱ्यात हा मुलगा आधी रात्रीचा दिसलेला, संशय वाजवीच होता. हे अगदीच फालतू आर्ग्युमेंट नव्हतं हं, त्या वस्तीत राहणाऱ्याला संशय येऊ शकतो हे मी मान्य करतो. पण जज वॉल्म्सली यांनी ज्युरीला सांगितलं की अशी अटक गुन्हा घडल्या घडल्याच करायची असते, कधीतरी आधी झालेल्या चोरीसाठी आज धरता येत नाही. बचावाचे वकील यावर जाम चिडले, त्यांच्या मते तिथेच केस हातातून गेली, आणि खरं सांगायचं तर गेलीच.

कारण त्या दिवशी चोरी झालीच नव्हती. त्याच्याकडे काही सापडलं नाही. एका पोलिसाने साक्षीत सांगितलं की हा मुलगा त्याला सापडला असता तर तो त्याला या घरात पुन्हा येऊ नको अशी ताकीद देणार होता. बस, ताकीद!

आणि सरकारी वकील लिंडा डुनिकोस्की, आमच्या अटलांटाकडच्या कॉब काउंटीच्या, त्यांनी ट्रॅव्हिसची उलटतपासणी घेतली ती मिळाली तर जरूर बघा. आवाज चढवणं वगैरे काही नाही. आर्बरीने तुम्हाला धमकी दिली का? नाही. शस्त्र दाखवलं का? नाही. एक शब्द तरी बोलला का? नाही. एकेक नाही काढत गेल्या. शिवाय घटनेनंतर पोलिसांना दिलेल्या जबाबात आम्ही याला अटक करत होतो असं तिघांपैकी कोणीच म्हणलेलं नव्हतं, ते नंतर आलं. उलट बाप जबाबात काय बोलून बसला, तर म्हणे आर्बरी उंदरासारखा अडकला होता. झालं की! अडकवलं हे स्वतःच्याच तोंडून. ग्रेगरीने पाठलागात 911 ला फोन केला तेव्हा काय इमर्जन्सी विचारल्यावर सांगितलं की एक काळा माणूस रस्त्याने पळतोय. पुढे काही गुन्हा सांगेल असं ऐकणाऱ्याला वाटतं, तर तो नाहीच.

फक्त थांबवत होते म्हणणाऱ्यांसाठी ब्रायनचं उदाहरण. त्याच्या हातात बंदूक नव्हतीच, त्याने फक्त ट्रक आडवा घातला, आणि त्या ट्रकवर आर्बरीच्या हाताचा ठसा आणि कपड्याचे धागे मिळाले. हेतुपूर्वक खुनातून ज्युरीने त्याला सोडलं, पण ट्रकने हल्ला आणि रस्ता अडवून डांबण्याच्या गुन्ह्यांत माणूस मेला म्हणून खुनाचे तीन आरोप त्याच्यावर सिद्ध धरले. 24 नोव्हेंबर 2021 चा निकाल, बारापैकी अकरा ज्युरर गोरे होते हे पण लक्षात घ्या, कारण आधी सगळे म्हणत होते की हे सुटणार. जन्मठेप तिघांना, त्यात बापलेकांना पॅरोल कधीच नाही, ब्रायनला तीस वर्षांनी मागता येईल. नंतर वंशद्वेषाची फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, केस वेगळी, तिथेही तिघे दोषी.

त्याच आठवड्यात, पाच दिवस आधी, विस्कॉन्सिनमध्ये कायल रिटनहाऊस (2020 च्या आंदोलनात दोघांना गोळ्या घालून मारणारा) सेल्फ डिफेन्सवर सुटला होता, त्यामुळे व्हॉट्सॲपवर दोन्ही केसची खिचडी. पण तिथे पळणारा रिटनहाऊस होता आणि मागे लागलेले दुसरे, त्याने कोणाला अडवून धरलं होतं असा मुद्दाच नव्हता. निकाल पटो न पटो (मला तो सुटला हे आवडलं नाही), कायद्याचा प्रश्न वेगळा होता.

आणि हो, तो 1863 चा कायदा मे 2021 मध्येच रद्द झालेला, म्हणजे ट्रायलच्या आधी, पण घटना जुनी म्हणून ट्रायल जुन्याच कायद्यावर चालली. आता इथे दुकानदार वगैरे थोडा वेळ थांबवू शकतात, बाकी सामान्य माणसाने असले उद्योग करायचे नाहीत.

आता भारत. आपल्याकडे नागरिकाला अटकेचा अधिकार आहे, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 40, पण अजामीनपात्र आणि दखलपात्र (पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) गुन्हा तुमच्या डोळ्यांदेखत झाला पाहिजे किंवा तो फरारी घोषित आरोपी पाहिजे, आणि सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यायचा. नुसत्या संशयावर नाही. बाकी रस्ता अडवणं बीएनएस (भारतीय न्याय संहिता) 126 मध्ये आणि कोंडून ठेवणं 127 मध्ये गुन्हाच आहे. पण खरी गंमत बीएनएसच्याच कलम 38 मध्ये आहे, जुनं आयपीसी 100. कोणी तुम्हाला कोंडण्याच्या इराद्याने हल्ला करत असेल आणि सुटकेसाठी पोलिसांपर्यंत पोचताच येणार नाही अशी रास्त भीती असेल, तर स्वसंरक्षणात तुम्ही समोरच्याचा जीव गेला तरी चालेल इथपर्यंत जाऊ शकता. म्हणजे आपल्या कायद्याने बघितलं तर त्या रस्त्यावर स्वसंरक्षणाचा हक्क कोणाचा? माझ्या मते आर्बरीचा. त्याने बंदुकीला हात घातला असेल तर तोच त्याचा सेल्फ डिफेन्स.

कागदावर आपला कायदा बरा आहे, अंमलाचं बोलू नका. 2018 मध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भटक्या समाजाच्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं, तिथे पण संशयच होता. त्यामुळे तुमच्या सोसायटीत कोणी अनोळखी डिलिव्हरी बॉयला चोर म्हणून केबिनमध्ये बसवून ठेवायला निघालं तर 112 लावा आणि दार उघडं ठेवायला सांगा, नाहीतर 127 त्यांच्यावरच लागू शकतं.