इंजिन घरी बांधायचं की मिस्त्रीकडे द्यायचं? आधी उभ्या गाडीचा हिशोब मांडा

प्रश्न : माझी २०१५ची दहा चाकी टाटा २५१८ आहे, बीएस-३, कर्ज फिटलेलं. सांगली-कोल्हापूरहून साखर भरून भिवंडी किंवा न्हावाशेवा, येताना मिळेल तो माल. गाडी आता हजार किलोमीटरला तीन लिटर ऑइल खाते आणि निळा धूर मारते. मिस्त्री फुल इंजिन (पूर्ण खोलून नव्याने बांधणं) सांगतोय : बारा दिवस आणि १,८५,००० रुपये. त्यात सामान १,१०,०००, लेथचं काम ३०,००० आणि मजुरी ४५,०००. भाचा आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झालाय. याच इंजिनाचे व्हिडिओ आणि ग्रुप आम्ही दोघं वर्षभर बघतोय. ३८,००० ची हत्यारं घेऊन पंधरा दिवसांत घरीच इंजिन बांधावं, असा विचार आहे. की ही गाडी सहा लाखांना एक्स्चेंजला देऊन ४० लाखांची नवी घ्यावी? शिल्लक ४,२०,००० आहे. डिझेल, टोल, भत्ता जाऊन ट्रिपमागे १५,००० उरतात. आठ महिने पाच ट्रिपा होतात, पावसाळ्याचे चार महिने तीनच. घरखर्च महिना ३८,००० आणि टायर, विमा, पासिंग, किरकोळ काम धरून गाडीला महिना १४,०००. काय करावं?
– एक गाडीमालक, जयसिंगपूर

उत्तर : तुम्ही आकडे नीट दिलेत, त्यामुळे उत्तरही आकड्यांतच देता येईल. नवी गाडी आत्ता नको. इंजिनाचं काम करायचं ठरलं तर खालचा भाग (ब्लॉक, पिस्टन, क्रँक) मिस्त्रीकडूनच बांधून घ्या. पण त्याच्याही आधी एक प्रश्न सोडवायला हवा : फुल इंजिनाची खरंच गरज आहे का?

ऑइल खाणाऱ्या प्रत्येक गाडीची बोअर (पिस्टन चालतो ती नळी) गेलेली नसते. टर्बोचं (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं) सील गेलं तरी निळा धूर येतो, आणि टर्बोचं काम फुल इंजिनाच्या तुलनेत फारच थोडक्यात होतं. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा होज सोडा आणि आत बोट फिरवून बघा. थोडा ओलावा चालतो. पण ऑइल साचलेलं असेल, किंवा टर्बोची शाफ्ट बोटाने हलवल्यावर पंखा घराच्या भिंतीला घासत असेल, तर चोर तिथेच आहे. मग ब्रीदरचा, म्हणजे इंजिनाच्या आतला गॅस बाहेर सोडणारा पाइप बघा. इंजिन गरम असताना तिथून धुराचा सतत जोर येत असेल तर रिंगांना ओलांडून गॅस खाली उतरतोय. शेवटी नोजल काढून सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) घ्या. इथे आकड्याहून सिलिंडरांमधला फरक जास्त बोलतो. सगळे सारखे उतरले असतील तर झीज वयाची आहे. एखादाच पडला असेल तर त्या सिलिंडरची रिंग, व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट तपासा. या तिन्ही तपासण्या भाच्याला घरी करता येतील. त्यांना हजार-दोन हजार लागतील, आणि १,८५,००० चा निर्णय त्यांच्यावर ठरेल.

एक गोष्ट बहुतेक वेळा सुटते. एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा रबरी होज नीट तपासा. क्लिपखाली चीर पडली असेल तर सगळी धूळ त्या वाटेने इंजिनात जाते आणि रिंगा घासून काढते. कारण तसंच ठेवून नवं सामान बसवलं, तर काही महिन्यांत पुन्हा हाच प्रश्न समोर उभा राहील.

आता बोअरच गेली असं धरून पैशाकडे येऊ.

मजुरी ४५,००० वाचेल हा तुमचा मुख्य मुद्दा. त्यातले ३८,००० हत्यारांत जातात, उरले ७,०००. हंगामात महिन्याला ७५,००० उरतात. कामाचे २५ दिवस धरले तर गाडी उभी असल्याचा एक दिवस ३,००० रुपयांना पडतो. मिस्त्रीचे बारा दिवस, तुमचे पंधरा. जास्तीच्या तीन दिवसांचे ९,००० गेले. म्हणजे सगळं तुमच्या मनासारखं झालं तरी घरचं इंजिन दोन हजारांनी महाग पडतं. पहिल्यांदा फुल इंजिन उघडणाऱ्या दोघांना पंधरा दिवसही पुरणार नाहीत. लेथवाल्याकडे नंबर लागतो, एखादं बेअरिंग चुकीच्या साइझचं येतं, ते बदलायला कोल्हापूरला जावं लागतं. महिना धरा. मिस्त्रीपेक्षा अठरा दिवस जास्त, म्हणजे ५४,०००. पावसाळ्यात तीनच ट्रिपा असतात, तेव्हा दिवस १,८०० ला पडतो. तरीही अठरा दिवसांचे ३२,४०० होतात. तुमची बचत सात हजारांची आहे. पावसाळ्यातसुद्धा चौथ्या दिवशी ती संपते.

दुरुस्तीच्या बिलात न छापलेला उभ्या गाडीचा हाच आकडा सगळ्यात मोठा असतो. घरी गाडी खोलणाऱ्यांच्या चर्चांमध्ये तो क्वचित दिसतो, कारण त्यातल्या बऱ्याच जणांची गाडी हौसेची असते. तुम्ही बघता त्यातले बरेच व्हिडिओ अमेरिकेतले असणार. कमिन्सचं ५.९ लिटरचं बी सिरीजचं इंजिन तिकडे १९८९पासून डॉज पिकअपमध्ये आलं आणि बारा व्हॉल्व्हचं ते इंजिन घरच्या दुरुस्तीवाल्यांचं लाडकं झालं. त्याच घराण्यातलं इंजिन आपल्याकडे टाटा कमिन्सने २५१८ला दिलं. त्यामुळे त्यांची बरीचशी माहिती खरोखर उपयोगी आहे. त्या पिकअपच्या इंजिनांत टायमिंगच्या घरातली एक लहान पिन सरकून गिअरमध्ये पडण्याचा दोष प्रसिद्ध आहे. तुमचं पुढचं कव्हर उघडेलच, तेव्हा ती पिन बघून घ्या आणि पुढे सरकणार नाही अशी पत्र्याची पट्टी लावून घ्या. खर्च नगण्य आहे.

मात्र पंपाचं डिझेल वाढवून ताकद काढण्याचे त्यांचे प्रयोग तुमच्या कामाचे नाहीत. रिकामी पिकअप आणि २५ टन घेऊन खंबाटकी चढणारी गाडी यांच्या पिस्टनला सोसावी लागणारी उष्णता वेगळी असते. टॉर्कचे (बोल्ट किती जोराने कसायचा त्याचे) आकडेही व्हिडिओवरून घेऊ नका. बोल्टची जात आणि कसण्याची पद्धत सिरीजप्रमाणे बदलते. इंजिन नंबर देऊन तुमच्याच सिरीजचं मॅन्युअल मिळवा.

खालचा भाग मिस्त्रीकडे द्या म्हणतो, त्याला कारण आहे. या इंजिनाला वेगळे लायनर (बदलता येणाऱ्या नळ्या) नसतात, पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमध्ये चालतो. मूळ बोअर १०२ मिमी. झीज झाली की ब्लॉक उतरवून लेथवर अर्धा किंवा एक मिमी मोठी बोअर काढायची आणि त्याच मापाचे पिस्टन घालायचे, नाहीतर स्लीव्ह ठोकायची. प्रत्येक बोअर वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी आणि आडवी-उभी मापावी लागते, कारण झीज सारखी होत नाही. ब्लॉक चेसिसवर ठेवून नुसत्या रिंगा बदलल्या तर लंबगोल झालेल्या बोअरमध्ये गोल रिंग बसते आणि ऑइल खाणं चालूच राहतं. शिवाय हे चारशे किलोंच्या वरचं वजन आहे. झाडाच्या फांदीला चेन ब्लॉक लावून ते उचलायचं नाही, त्यात जीव जातो.

कनेक्टिंग रॉडची कॅप हा तर नेमका फसण्याचा कोपरा. रॉड आणि कॅपवर नंबर असतात, जोडी मोडायची नाही आणि कॅप उलटी फिरवायची नाही. बेअरिंगच्या शेलमागे ऑइलचा थेंब किंवा धुळीचा कणही नको. प्लास्टिगेजची बारीक काडी क्रँकवर ठेवायची, कॅप पूर्ण टॉर्कला कसायची, क्रँक अजिबात न हलवता पुन्हा उघडायची आणि चपटी झालेली काडी पट्टीशी लावून फट वाचायची. असं प्रत्येक बेअरिंगला. यात आळस झाला तर गाडी चालू होते, दोन ट्रिपा नीट जातात आणि तिसऱ्या ट्रिपेला घाटात बेअरिंग फिरतं. मग क्रँक ग्राइंडिंग, नवी बेअरिंग, पुन्हा गॅस्केट सेट, पुन्हा पंधरा-सोळा लिटर ऑइल, टोचन करून आणणं आणि परत आठ-दहा दिवस गाडी उभी. तेव्हा दाद मागायला समोर कुणी नसेल. मिस्त्रीची मजुरी म्हणजे या जोखमीचा विमा आहे, आणि ४५,००० हा त्याचा रास्त हप्ता वाटतो.

मग भाच्याच्या शिक्षणाचं काय? त्याची किंमत मोठी आहे, फक्त ती दुसरीकडे वसूल होते. गाडी उभी असतानाच जी कामं होतात, म्हणजे लोडिंगच्या नंबरला किंवा रविवारी, ती घरी आणा. ऑइल आणि फिल्टर, डिझेल फिल्टरचं पाणी काढणं, हबचं ग्रीसिंग, ब्रेक ॲडजस्टमेंट, बेल्ट, होज, आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट लावणं). टॅपेट तर त्याने शिकायलाच हवं. इंजिन पूर्ण थंड असताना इनलेट ०.२५ मिमी आणि एक्झॉस्ट ०.५१ मिमी. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर) आणून इनलेट १, २, ४ आणि एक्झॉस्ट १, ३, ५ लावायचे. क्रँक एक पूर्ण फेरा फिरवून इनलेट ३, ५, ६ आणि एक्झॉस्ट २, ४, ६. टायमिंग पिन आत दाबून टीडीसी शोधली असेल तर फिरवण्याआधी पिन बाहेर काढायची, नाहीतर ती मोडते. फीलर गेज हलकं ओढत सरकलं पाहिजे. एवढ्या कामांना ३८,००० ची हत्यारं लागत नाहीत. चांगला टॉर्क पाना, फीलर गेज, फिल्टर पाना, ग्रीस गन आणि गाडी टेकवायच्या दोन भक्कम घोड्या. तुमच्या यादीतला बोअर गेज, रिंग कॉम्प्रेसर आणि चेन ब्लॉक काढून टाका. मिस्त्रीकडे ते आहेत.

इंजिनाच्या कामातही भाच्याला बसवा. खोलणं, धुणं, रेडिएटर आणि इंटरकूलर साफ करणं तुम्ही दोघांनी करायचं ठरवून मजुरी कमी करायला सांगा. पाच-सात हजार सुटले तरी पुष्कळ. त्याहून मोठा फायदा म्हणजे तो बारा दिवस शेजारी उभा राहून इंजिन बांधताना बघेल.

नव्या गाडीबद्दल. ४० लाखांतून सहा लाख एक्स्चेंज वजा केले तर कर्ज ३४ लाखांचं. साडेदहा टक्के दराने पाच वर्षांचा हप्ता सुमारे ७३,१०० रुपये येतो आणि निव्वळ व्याज पावणेदहा लाखांच्या वर जातं. तुमच्या गाडीची वर्षाची शिल्लक किती? आठ महिने ७५,००० आणि चार महिने ४५,०००, म्हणजे ७,८०,०००, सरासरी महिना ६५,०००. हप्ता, घर आणि गाडीचा चालू खर्च मिळून महिन्याला १,२५,००० लागतील. नवी गाडी २८ टनांची असेल, ॲव्हरेजही थोडं बरं देईल, पण त्याच रूटवर शिल्लक जवळजवळ दुप्पट होणार नाही. पक्कं वर्षभराचं कंत्राट हातात असतं तर उत्तर वेगळं असतं. शिवाय बीएस-६ मध्ये सेन्सर, युरिया, सायलेन्सरमधला फिल्टर असं बरंच काही आहे. बिघाड शोधायला स्कॅनर लागतो, आणि भाच्याच्या हाताची जी कमाई आत्ता होते ती तिथे बरीच कमी होईल.

कराचा फायदा म्हणूनही मोठं बिल करू नका. दहापर्यंत गाड्या असणाऱ्यांसाठीची गृहीत उत्पन्नाची जी सोय ४४ एई म्हणून ओळखली जाते, ती तुम्ही वापरत असाल तर बारा टनांवरच्या गाडीला टनामागे महिना १,००० रुपये उत्पन्न धरतात. तुमच्या २५ टनांना वर्षाचे ३,००,००० झाले. गाडी महिनाभर उभी राहिली तरी तेवढेच, आणि दुरुस्तीचं बिल त्यातून वेगळं वजा होत नाही. तरी पक्कं बिल घ्याच. सामानावर १८ टक्के जीएसटी वाचवायला कच्च्या बिलावर पिस्टन-बेअरिंग घेतली तर बनावट माल निघाल्यावर दुकानदार ओळख दाखवत नाही.

इंजिनावर गेले तरी शिलकीतले सव्वादोन लाखांच्या वर राहतात. त्यांना हात लावू नका, ती गाडीची आणि घराची अडचणीची ठेव. सरासरी ६५,००० मधून घर आणि गाडी गेल्यावर १३,००० उरतात, ते रिकरिंगला लावा. हंगामात १८,००० आणि पावसाळ्यात ३,००० भरलेत तरी सरासरी तेवढीच पडते. रिकरिंगचा हप्ता असा बदलता येत नसेल तर बचत खात्यातून वळवा. तीन वर्षांत मुद्दलच ४,६८,००० होते. त्यातून कर्ज ३४ ऐवजी ३० लाखांवर आलं तरी हप्ता साडेआठ हजारांनी उतरतो. तोवर गाडीला दरवर्षी पासिंग आहेच, आठ वर्षांनंतर ते वर्षाला होतं. पासिंगच्या वेळी चेसिस आणि केबिनचा गंज बघत जा. चेसिसला तडा दिसला तर ही तीन वर्षांची योजना आखडती घ्या.

काम पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये काढा. तोवर ऑइलची पातळी रोज सकाळी बघा, हजाराला तीन लिटर खाणारी गाडी एका ट्रिपेत काडीच्या खालच्या खुणेपर्यंत येऊ शकते. मिस्त्रीकडून आधी कागदावर लिहून घ्या : बोअरची मापं लेथवाल्याच्या सहीने, जुने पिस्टन आणि बेअरिंग परत, चालू करण्याआधी टर्बोला आणि गॅलरीला (इंजिनातल्या ऑइलच्या वाटांना) ऑइल भरणं, आणि मजुरीतले १०,००० पहिल्या दोन ट्रिपांनंतर. नवं इंजिन तासन्‌तास आयडलवर ठेवू देऊ नका, रिंगा बसायच्या ऐवजी बोअर गुळगुळीत होते आणि ऑइल पुन्हा वर यायला लागतं. पहिली ट्रिप अर्ध्या लोडची, घाटाशिवायची घ्या. इचलकरंजी ते सोलापूर असं काही मिळालं तर उत्तम.