ओटीपी मस्कतला, कागद करवीरला

आखातात किंवा युरोपात नोकरी करणारी कोल्हापूर परिसरातील माणसे माझ्याकडे समुपदेशनासाठी ऑनलाइन येतात ती झोप लागत नाही, चिडचिड होते अशा तक्रारी घेऊन. पण थोड्याच वेळात बोलणे गावाकडच्या कागदांवर येते. घरचे दाखल्यांसाठी हेलपाटे घालत आहेत आणि मी इथे हातावर हात ठेवून बसलो आहे, ही खंत मी सतत ऐकत असल्याने त्यातील एक हकिगत, ओळख पटणार नाही असे फेरफार करून, सांगते.

मस्कतमध्ये तंत्रज्ञ असलेल्या एका गृहस्थांचे थोरले बंधू शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत कंत्राटी कामगार होते. ते अचानक गेले. मागे पत्नी आणि दोन शाळकरी मुले. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे आणि तीत प्रत्येक मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात, ही माहिती या धाकट्या भावानेच शोधली. त्यासाठी मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, शाळेचा बोनाफाईड असे कागद जमवायचे होते. त्यांनी सारे स्वतःच्या अंगावर घेतले, इतके की वहिनींच्या बँक खात्याला, आधारला आणि अर्जालाही स्वतःचाच भारतातील क्रमांक जोडला. परिणामी वहिनी करवीर तालुक्यात सेवा केंद्राच्या खिडकीशी उभ्या, दीर मस्कतमध्ये पाळीवर, आणि ओटीपीची मुदत संपलेली.

“मी तिथं असतो तर चार दिवसांत काम झालं असतं, मॅडम.”

“तुम्ही केलं असतं. वहिनींनी काय केलं असतं?”

“त्या कशाला? सातवी शिकलेल्या. ऑफिसातलं त्यांना काय कळणार?”

माझा कल एकट्या व्यक्तीपेक्षा सबंध कुटुंबाची घडण पाहण्याकडे आहे, म्हणून पुढच्या वेळी मी वहिनींनाही बोलावले. त्या बराच वेळ गप्प होत्या. तुम्हाला यातले काय करावेसे वाटते, असे मी त्यांनाच विचारल्यावर म्हणाल्या, “भावोजी, नंबर माझा घाला की. बचत गटाचा सगळा हिशोब मीच लिवते.”

ही गोष्ट दिरांना ठाऊक नव्हती. मी मुद्दाम मध्ये बोलले नाही, कारण त्या शांततेतच त्यांना उमगत होते की दूर असल्याची टोचणी ते सगळी कामे ओढून घेऊन फेडत होते आणि त्या फेडीत वहिनी पहिल्या दिवसाइतक्याच परावलंबी राहत होत्या. दुःखातल्या माणसाच्या हातून प्रत्येक काम काढून घेणे ही माया वाटते खरी, पण त्यामुळे त्याचा स्वतःवरचा विश्वासही जातो, असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर कामांची वाटणी सोपी झाली. बोटांचे ठसे, सही, मूळ कागद सांभाळणे आणि प्रत्येक अर्जाची पोचपावती मागून घेणे वहिनींकडे. नियम वाचणे, आधार, शिधापत्रिका आणि पासबुकावरील नावे अक्षरशः जुळतात का ते पाहणे आणि अर्ज क्रमांकावरून स्थिती तपासणे दिरांकडे. अशा प्रत्येक कुटुंबाला मी हेच सुचवते, आणि एजंटाच्या हाती मूळ कागद देऊ नका हेही बजावते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा मुदतीत न मिळाल्यास ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करता येते. उत्पन्नाचा दाखला अशीच सेवा आहे. यांचा दाखला रखडला तेव्हा अपिलाचा मसुदा मस्कतमध्ये तयार झाला, वहिनींनी तो वाचून दोन वाक्ये बदलायला लावली आणि मगच सही केली. दाखला आला, मुलांचा अर्जही मंजूर झाला.

पुढच्या वर्षीचा उत्पन्नाचा दाखला मात्र वहिनींनी दिरांना न विचारताच काढला, हे दिरांनी मला काहीशा नाराजीने सांगितले. आमची नंतरची सत्रे त्या नाराजीवर झाली.