विचारा मोकळ्यानं : पऱ्हाटी नेमकी कोणत्या विषयात येते?

मागच्या अंकात आपण म्हटलं होतं की कॉलेजात पर्यावरण कसं शिकवावं यावर प्रश्न पाठवा, अन पत्रं भरपूर आली. त्यातली चार घेतो. नावं गावं मुद्दाम छापली नाहीत.

प्रश्न : सर, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉमर्स शिकवतो. आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजच्या दर्जावर लक्ष ठेवणाऱ्या समितीचं, काम माझ्याकडं आहे म्हणून प्राचार्यांनी सांगितलं की सगळ्या विभागांच्या प्राध्यापकांसाठी शाश्वत विकास अन पर्यावरणीय न्याय यावर पाच दिवसांचं प्रशिक्षण लावा. मागंही असंच एक झालं, बाहेरून तज्ज्ञ आले, पीपीटी झाल्या, सर्टिफिकेटं वाटली, अन जूनमध्ये कोणाच्याच तासात काही बदललं नाही. इतिहासवाले म्हणतात हे ईव्हीएसवाल्याचं, म्हणजे पर्यावरणाचा पेपर शिकवणाऱ्याचं, काम, गणितवाले म्हणतात आमचाच सिलॅबस संपत नाही. कसं करू?

सर, तुमच्या सहकाऱ्यांचा दोष नाही त्यात. सुप्रीम कोर्टानं 1991 मध्ये वकील एम. सी. मेहतांच्या खटल्यात सांगितलं की पर्यावरण सक्तीचं शिकवा, मग यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, पदवीला सहा महिन्यांचा कोर्स आणला, 2023 ला त्याची नवीन रूपरेषाही आली, पण एक पेपर वेगळा काढून दिला की बाकी सगळ्यांना वाटतं आपली सुटका झाली, इतकं साधं आहे ते. अन कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फॉर्मात पर्यावरण सगळ्या विषयांत मिसळलं का असं विचारतात तेव्हा आपण झाडं लावल्याचे फोटो जोडतो.

माझ्याच वर्गातलं सांगतो. मी भूगोल शिकवायचो. 2017 चा पावसाळा संपत आलेला, एक पोरगा दोन आठवडे आला नाही, आला तेव्हा मी नेमका कापसाचा पट्टा शिकवत होतो, काळी माती, पाऊस किती लागतो, जिल्हे कोणते, फळ्यावर नकाशा. तास सुटल्यावर कळलं की बाप फवारणी करताना पडला अन दवाखान्यात आहे. त्या साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली, पेपर त्यानं भरून निघत होते, अन मी कापूस शिकवत होतो आणि त्यातलं एक अक्षरही माझ्या तासात आलं नव्हतं. ते मला आजही बोचते.

म्हणून माझं म्हणणं असं की पाच दिवस शाश्वत विकास या शब्दावर घालवू नका, पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडावर, घालवा. एकच गोष्ट मधात ठेवा अन प्रत्येक विभागाला विचारा की बाबा, तुमच्या विषयातून ही कशी दिसते.

केमिस्ट्रीवाल्यांना फवारणीच्या औषधातलं ऑर्गेनोफॉस्फेट काय करतं हे शिकवायचंच असते, मज्जातंतूचा निरोप थांबवणारं एन्झाइम ते बंद पाडतं, अन डॉक्टर त्यावर उतारा म्हणून ॲट्रोपिन का देतात हे त्याच धड्यात बसते. फिजिक्समध्ये फवारणी पंपाचं तोंड, नोझल, येते, थेंब जितका बारीक तितका वाऱ्यावर जास्त उडतो, अन त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती म्हणून फवारा वर धरावा लागत होता अन तोच अंगावर पडत होता. गणितवाल्यांना म्हणा लेबलवर मात्रा हेक्टरला लिहिलेली, आपला माणूस एकरात बोलतो, पंप पंधरा सोळा लिटरचा, अन मोजायला बाटलीचं झाकण, आता मांडा त्रैराशिक. याच्यानं सिलॅबस वाढत नाही सर, फक्त उदाहरण बदलते. इतिहासवाल्यांसाठी तर खजिनाच आहे, 1853 ला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, 1861 ते 65 अमेरिकेत यादवी चालली अन मँचेस्टरला आपला कापूस पाहिजे झाला, मग जिनिंग आल्या, आगगाड्या आल्या, आपली शकुंतला रेल्वे त्याच कापसासाठी धावली, ज्वारीच्या वावरात कापूस कसा शिरला हे पोरांना आजोबाच्या तोंडूनही ऐकता येते. राज्यशास्त्रवाल्यांनी 1968 चा कीटकनाशक कायदा घ्यावा अन विचारावं की फवारणारा मजूर भूमिहीन असला, त्याच्या नावानं सातबारा नाही, तर कागदावर तो शेतकरी आहे का, अन नसला तर मदत कोणाच्या नावानं येईल. अन तुमचा कॉमर्स! उत्पादन खर्चात बियाणं, खत, औषध, मजुरी सगळं येते, फवारणाऱ्याचा दवाखाना कोणत्या रकान्यात येतो? तो रकानाच नाही. हाच तुमचा धडा, अन पर्यावरणीय न्याय म्हणतात तो हाच, की फायदा एकाच्या वहीत अन विष दुसऱ्याच्या अंगावर.

हा न्यायाचा शब्द तिकडचा आहे खरा. 1982 ला अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरेन काउंटीत, जिथं बहुसंख्य काळे लोक राहत होते, तिथंच विषारी मातीचा खड्डा केला अन लोक ट्रकांसमोर रस्त्यावर झोपले, तिथून तो पसरला. प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाचं कामही तिकडं जुनं आहे, ॲरिझोनातल्या विद्यापीठात 1995 ला पाँडेरोसा प्रकल्प अन अटलांटाच्या एमरी विद्यापीठात 2001 पासून पीडमाँट प्रकल्प. नावं पाहा, एक तिथल्या पाइनच्या झाडाचं, दुसरं तिथल्या भूभागाचं. वेगवेगळ्या विभागांचे मास्तर एकत्र बसतात, थोडं रानात फिरतात, अन प्रत्येक जण आपलाच एक कोर्स नव्यानं लिहितो. तिथं सगळ्यांना पर्यावरणतज्ज्ञ करत नाहीत, इंग्रजीवाला इंग्रजीचाच तज्ज्ञ राहतो.

पण आपल्याला तेवढं दूर जायची गरज नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती बसली, अन नई तालीम उभी राहिली. चरखा हाती घ्यायचा अन त्यातूनच गणित, भूगोल, इतिहास शिकायचं, उद्योग एक अन विषय सगळे. यवतमाळहून सेवाग्राम काही तासांच्या रस्त्यावर आहे. तुमच्या पाच दिवसांतला एक दिवस तिथं काढा.

बाकीच्या दिवसांचं म्हणाल तर पहिला दिवस हॉलमध्ये नको, गावात, सकाळी सातला. फवारणी करणारे चार जण अन त्यांच्या घरच्या बायका बसवा. औषध कोण कालवतो, काडीनं का हातानं, दोन औषधं एकत्र कोणाच्या सांगण्यावरून केली, फवारणीचे कपडे कोण धुतं अन कशासोबत धुतं, हे विचारा, अन मास्तरांनी फक्त लिहून घ्यायचं, शिकवायचं नाही. त्या लोकांची मजुरी बुडते म्हणून त्यांना दिवसाची पूर्ण मजुरी द्या, तज्ज्ञाला मानधन देता तसंच व्हाउचरवर सही घेऊन. मग दोन दिवस प्रत्येकानं स्वतःच्या सिलॅबसमधलं एकच युनिट काढून नव्यानं लिहायचं, वाढवायचं नाही, बदलायचं, अन ते दुसऱ्या विभागाच्या माणसाला शिकवून दाखवायचं. शेवटचा दिवस आत्ता घेऊच नका, डिसेंबरमध्ये घ्या, वर्गात काय झालं ते सांगायला. सर्टिफिकेट त्या दिवशी. एवढी एक गोष्ट कराच, प्राचार्य कुरकुरले तरी.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यात मराठी शिकवते. वर्गातली निम्मी मुलं घरी गोंडी नाहीतर माडिया बोलतात. ट्रेनिंगमध्ये सांगितलं की साहित्यातून निसर्ग शिकवा, म्हणजे मी निसर्गकविता घेतल्या. मुलं गप्प बसली. जंगलातच राहतात ती, त्यांना जंगल काय शिकवू?

ताई, प्रश्न तुम्ही बरोबर पकडला. त्यांना जंगल शिकवू नका, जंगलाबद्दल जे कागद लिहिले जातात ते वाचायला शिकवा. तुमच्याकडं व्यावहारिक मराठी असेल, त्यात आपण अजूनही नोकरीचा अर्ज अन आभारपत्र घेतो. त्याच्या जागी वनहक्क दावा घ्या. 2006 च्या वनहक्क कायद्यात सामूहिक दावा ग्रामसभा करते, तो मराठीत भरावा लागतो, अन "सबब", "उपरोक्त", "दाव्याच्या पुष्ट्यर्थ" असल्या भाषेत त्यावरचा कागद परत येतो तेव्हा गावात तो वाचणारा कोणी नसतो. तुमचा सेकंड इयरचा पोरगा तो वाचून गोंडीत सांगू शकला तर मराठीचा तास सार्थकी लागला असं मी समजीन. तुमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाचं सगळ्यांना माहीत आहे, 2009 ला सामूहिक हक्क मिळाले अन 2011 ला बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला, पण त्याच्या आधी कितीतरी वर्षं ते लोक अभ्यासगट करून कागद वाचत बसले होते हे पोरांना सांगा, "आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा नुसती भिंतीवर लिहून झालेली नाही.

दुसरं, जनसुनावणी. खाण किंवा मोठा कारखाना यायचा असला तर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणं किमान 30 दिवस आधी नोटीस निघते, अन पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, पूर्ण अहवाल मात्र इंग्रजीत. असा एक मराठी सारांश मिळवा अन वर्गात एक पान समजेल अशा मराठीत लिहायला लावा. इंग्रजीच्या मॅडमना सोबत घ्या, त्यांनी मूळ इंग्रजी पान घ्यावं, अन दोन्ही शेजारी ठेवून पाहावं की मधात काय गळलं. अन शब्दांकडं कान ठेवायला शिकवा. आपण विषाला "औषध" म्हणतो, "औषध मारलं" म्हणतो, ज्या जंगलावर पाच गावं जगतात त्याला कागदात "पडीत" म्हणतो, हा भाषेचाच विषय आहे, तुमचाच.

कविता सोडा असं मी म्हणत नाही. पण मोहाच्या दिवसात, तेंदूच्या दिवसात पोरांच्या आया आज्या जी गाणी म्हणतात ती त्यांना आणू द्या, गोंडीत म्हणू द्या, अर्थ त्यांनी सांगायचा, तुम्ही ऐकायचं. मग बोलतील ती.

प्रश्न : चंद्रपूर जिल्ह्यात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवतो. आमच्या भागात खाणी आहेत, धूळ आहे. पण वर्गातल्या बऱ्याच पोरांचे बाप तिथंच कामाला, अन मी पर्मनंट नाही. बोललो तर अडचण, नाही बोललो तर काय शिकवतो मी?

तुमची भीती खरी आहे, तिला मी कमी लेखत नाही. प्रशिक्षण देणारे पर्मनंट, अन सगळ्यात जास्त तास घेणारे तुम्ही, अन तुम्हाला त्या पाच दिवसांचे पैसेही मिळत नाहीत, हे आधी बदलायला पाहिजे, हे प्राचार्य वाचत असतील तर त्यांनाच सांगतो.

वर्गात मत सांगू नका, सरकारी कागद आणा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2009 मध्ये चंद्रपूरला अति प्रदूषित भागांत टाकलं, तुमच्याकडं 2920 मेगावॅटचं वीज केंद्र आहे, ही वीज कुठं जाते अन राख कुठं राहते, एवढाच प्रश्न फळ्यावर लिहा अन पोरांना शोधू द्या. पण एक सांभाळा. पोराला त्याचा बाप गुन्हेगार आहे असं वाटता कामा नये. त्या बापाच्या पगारावर तो तुमच्या वर्गात बसला आहे. त्यालाच घरी विचारायला लावा की बाबा, तुमच्या शिफ्टमध्ये कोणत्या जागी धूळ जास्त, मास्क मिळतो का, खाण संपल्यावर आपलं काय, कंत्राटी कामगाराची तब्येत कोण तपासतं. भाकर अन फुप्फुस दोन्ही एकाच माणसाचे आहेत, वर्गात दोन्हीची बाजू यायला पाहिजे. मेळघाटात वाघासाठी गावं उठली तिथंही हाच प्रश्न घ्या, जंगल वाचलं ते चांगलंच, पण त्याची किंमत कोणी भरली अन त्याला विचारलं होतं का.

प्रश्न : मी कास्तकार आहे, पोरगी बीएस्सीला आहे. कॉलेजचे सर लोक अन पोरं गावात आले, बोअरचं पाणी बाटलीत भरून नेलं, फोटो काढले, चहा पिऊन गेले. दोन वर्षं झाले, पाण्यात काय निघालं ते कोणी सांगतलं नाही. असंच असते का हे?

नाही भाऊ, असं असायला नको. तुमचं पत्र मी सगळ्यात आधी छापायला पाहिजे होतं.

आता नव्या शैक्षणिक धोरणात पोरांना फील्ड प्रोजेक्टचे अन समाजसहभागाचे क्रेडिट आहेत, म्हणजे तुमच्या गावाच्या पाण्यावर पोरांना मार्क मिळतात. मग त्या पाण्याचा निकाल तुमचा हक्क आहे. यवतमाळ अन चंद्रपूरच्या काही गावांत खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड निघतं, अन लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की पिण्यालायक राहत नाही, पोरांचे दात पिवळे पडतात, पुढं हाडं धरतात, म्हणून हे वहीत दाबून ठेवायचं नाही. पोरीच्या हातून प्राचार्यांच्या नावानं साधा अर्ज द्या, नमुना कोणत्या तारखेला, कोणत्या बोअरचा नेला ते लिहा, अन निकालाची प्रत मागा. पोहोच घ्या. निकाल आला की ग्रामसभेत मोठ्यानं वाचायला त्याच सरांना बोलवा, येतील ते, न यायला काही कारण नाही. अन पुढच्या वेळी बाटली भरायला कोणी आलं तर आधी विचारा की सर, निकाल कधी सांगाल, अन ती तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर त्यांच्याच हातानं लिहून घ्या.