दोन लीगचे नियम जोडताना वजनाचा आकडा शेवटी येतो

वाशीच्या मित्राचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे उशिरा येणाऱ्यांना वर शोधत बसावं लागणार नाही. ठाण्यातला ११ जणांचा सिम रेसिंगचा, म्हणजे कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती लावणारा, गट गेली पाच वर्षं असेटो कोर्सा या गेमवर जीटी२ वर्गाच्या रेसिंग गाड्या पळवतोय. नवी मुंबईतला १७ जणांचा गट जीटी३ वर्गाच्या पळवतो. शनिवारी रात्री दोन्हीकडे निम्मी ग्रिड, म्हणजे गाड्यांची सुरुवातीची रांग, रिकामी. म्हणून गणपतीनंतर एकच लीग करायचं ठरलंय. तडजोड अशी निघालीय की दोन्ही प्रकारच्या गाड्या एकाच क्लासमध्ये घ्यायच्या, जास्तीचं वजन (बॅलास्ट) आणि इंजिनाची हवा कमी करणारा रिस्ट्रिक्टर लावून त्या सारख्या करायच्या, आणि बाकी नियम निम्मे तुमचे, निम्मे आमचे. आता विचारताय एवढंच की कोणत्या गाडीवर किती किलो टाकायचे.

आकडा देत नाही. देता येत नाही म्हणून नव्हे. २०१९ मध्ये मी तो दिला होता आणि पाच शर्यतींत आमची लीग बसली.

तेव्हा आम्ही ठाणेकर जीटी२वाले आणि डोंबिवलीचे काही जण जीटी३वाले. तीन संध्याकाळी गेममधल्या वॅलेलुंगा ट्रॅकला त्याच चार जणांना आधी फेरारी ४५८ जीटी२ आणि मग बीएमडब्ल्यू झी४ जीटी३ चालवायला दिली. एन्ट्री लिस्टच्या फाइलमध्ये प्रत्येक गाडीखाली बॅलास्ट आणि रिस्ट्रिक्टर अशा दोन ओळी असतात, त्यात आकडे बदलत बदलत सरासरी लॅपमधला फरक दोन दशांश सेकंदांत आणला. काय छाती फुगली होती! मग पहिली शर्यत मोंझा ट्रॅकला.

मोंझाची मुख्य सरळ रेषा संपते तिथे पहिली शिकेन, म्हणजे वेग तोडायला केलेलं नागमोडी वळण, आहे. सर्व्हरवर एबीएस 'फॅक्टरी'वर ठेवलेलं, म्हणजे ज्या गाडीला मुळात आहे तिलाच मिळणार. झी४ला आहे, ४५८ जीटी२ला नाही. जीटी३वाला ब्रेकवर पाय दाबून मोकळा. जीटी२वाला बिचारा अंतराची एक पाटी आधी ब्रेक मारतो, कारण पुढचं चाक लॉक झालं की सरळ बाहेर. मागच्याला वाटतं हा मुद्दाम लवकर थांबतोय. धाडकन. त्यात आम्ही जीटी३वर रिस्ट्रिक्टर चढवलेला, त्यामुळे सरळ रस्त्यावर ४५८ पुढे निघून जायची आणि शिकेनला मागून मार खायची. प्रत्येक लॅपला हेच. डोंबिवलीकर म्हणायचे, तुम्ही ब्रेक टेस्ट करता. आम्ही म्हणायचो, तुम्हाला चालवता येत नाही. लॅप टाइम दोघांचा सारखाच होता हो, पण तो वेळ दोघं वेगवेगळ्या जागी कमवत होते.

रिस्ट्रिक्टर इंजिनाचा वरचा श्वास कापतो, त्याचा चटका लांब सरळ रस्त्यावर बसतो. वजन ब्रेकिंगला, वळणाला आणि टायरला जाणवतं. एबीएस नसण्याची भरपाई या दोन्हींपैकी कशानेही होत नाही. एका ट्रॅकवर जमवलेला हिशोब दुसरीकडे फिसकटतो तो यामुळे. सोसायटीतल्या अंडरआर्म क्रिकेटसारखंच आहे हे. एका बिल्डिंगमध्ये 'एक टप्पा एक हात' आउट, शेजारच्या बिल्डिंगमध्ये नाही. मग दोघांची सरासरी काढून अर्धा टप्पा आउट ठेवणार का?

खऱ्या जगात हे करून झालंय, आणि तिथे आपल्यापेक्षा जरा जास्त पैसा पणाला होता. गेममध्ये आपण ज्याला जीटी२ म्हणतो, त्या वर्गाला फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीच्या आयोजकांनी २०११ पासून जीटीई नाव दिलं. कारखान्याचे इंजिनियर, पगारी चालक, एबीएस नाही. जीटी३ आला २००६ मध्ये, स्तेफान रातेल यांच्या एसआरओ या शर्यती भरवणाऱ्या कंपनीकडून, आणि त्याचा हिशोबच वेगळा होता. कंपनीने गाडी बनवायची आणि टीमना विकायची, खिशात पैसा असलेल्या हौशी माणसालाही ती झेपली पाहिजे म्हणून एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही द्यायचं, आणि कोणाची गाडी सरस हे भांडण बॅलन्स ऑफ परफॉर्मन्सने, म्हणजे प्रत्येक गाडीला वजन आणि ताकद ठरवून देणाऱ्या बीओपीने, मुळातच मिटवायचं.

एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेने २०१२च्या सुमारास या दोन वर्गांचे नियम एकाच पायावर आणायची बोलणी सुरू केली. २०१४ मध्ये ती गुंडाळली गेली. माझं मत विचाराल तर घोडं गाडीच्या तांत्रिक बाबींवर अडलंच नव्हतं. जीटीईमध्ये पैसा कंपनी घालत होती आणि तिला जिंकून जाहिरात करायची होती. जीटी३मध्ये पैसा गाडी विकत घेणाऱ्याचा होता आणि त्याला वर्षभर परवडेल अशी गाडी हवी होती. पैसे घालणाराच वेगळा असेल तर गाडीचे आकडे जुळवून काय होणार?

२०१६ मध्ये जीटीईला नवे, आणखी मोकळे नियम मिळाले. गाड्या अफलातून झाल्या. फोर्डने १९६६च्या विजयाला ५० वर्षं झाल्याच्या मुहूर्तावर त्याच वर्षी ल माँला वर्ग जिंकला. आणि मग एकेक जण खर्च बघून उठायला लागला. बीएमडब्ल्यू आणि फोर्ड लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या जागतिक मालिकेतून २०१९ मध्ये बाहेर पडले, पुढे ॲस्टन मार्टिननेही कारखान्याची टीम काढून घेतली. अमेरिकेत इम्सा या तिथल्या मालिकेने २०२२ पासून आपला जीटीएलएम वर्ग, म्हणजे तिथला जीटीई, बंद करून त्याजागी जीटी३ गाड्या घेतल्या. जागतिक मालिकेत जीटीई प्रो, म्हणजे पगारी चालकांचा वर्ग, २०२२ला संपला, २०२३ला फक्त हौशी चालक घेणारा जीटीई ॲम उरला, आणि २०२४ पासून एलएमजीटी३, म्हणजे तिथला जीटी३, नऊ कंपन्यांच्या १८ गाड्या. नियमांची दोन पुस्तकं मिळून तिसरं पुस्तक कधीच निघालं नाही. एक पुस्तक मिटलं आणि दुसरं उघडं राहिलं.

वेगाचं म्हणाल तर तिथेही किंमत मोजलीच. ल माँला २०२३ची जीटीई ॲमची पोल, म्हणजे शर्यतीआधीच्या क्वालिफाइंगमधली सगळ्यात जलद लॅप, ३ मिनिटं ५२ सेकंदांच्या घरात होती, २०२४ची एलएमजीटी३ची ३ मिनिटं ५८च्या घरात. दोन्ही वेळा चालक ब्रॉन्झ दर्जाचा, म्हणजे हौशीच. तुमच्या ठाण्याच्या मंडळींना जीटी३ 'सुस्त' वाटते ही तक्रार खोटी नाही. ती मान्य करून टाका, वाद घालू नका.

प्रामाणिकपणे दोन पुस्तकं एक करायचा एक मोठा प्रयोग झाला, तो जर्मनीच्या डीटीएम मालिकेचा आणि जपानच्या सुपर जीटी मालिकेतल्या जीटी५०० वर्गाचा. क्लास वन म्हणायचे त्याला. २०१४ मध्ये जीटी५००ने डीटीएमच्या धर्तीची रचना घेतली. दोन लिटरचं टर्बो इंजिन जपान्यांनी तेव्हाच लावलं, जर्मनांनी २०१९ मध्ये. टायरवर मात्र शेवटपर्यंत जुळलं नाही. जपानमध्ये टायर कंपन्यांची आपसात स्पर्धा, डीटीएममध्ये सगळ्यांना एकाच हँकूक कंपनीचे. शेवटी २०१९च्या ऑक्टोबरमध्ये तीन जपानी गाड्या जर्मनीतल्या हॉकेनहाइमला पाहुण्या म्हणून गेल्या आणि नोव्हेंबरमध्ये जपानमधल्या फुजीला एक जोडशर्यत झाली, सगळ्यांना हँकूक घालून. त्यातली रविवारची शर्यत आपल्या नारायण कार्तिकेयनने होंडा एनएसएक्समधून जिंकली. मी त्या दिवशी घरात एवढ्या मोठ्याने ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या. पण पुढच्याच एप्रिलमध्ये ऑडीने डीटीएम सोडत असल्याचं जाहीर केलं आणि २०२१ पासून डीटीएममध्येही जीटी३ गाड्या आल्या. इतक्या वर्षांच्या खटपटीतून एकत्र धावायला मिळाले ते एवढेच दोन शनिवार-रविवार.

तेव्हा माझा सल्ला असा की गाडीचं पुस्तक एकच ठेवा, जीटी३चं. मी स्वतः जन्माचा जीटी२वाला, तरी सांगतोय. नव्या माणसाला ती झेपते, गेममध्ये त्या गाड्या जास्त आहेत, आणि तुमच्याकडे १७ जण आधीच त्यात रुळलेत. पण माणसं एका गोणीत भरू नका. इम्साने नेमकं हेच केलं. जीटीडी प्रो आणि जीटीडी, दोन्हीकडे त्याच जीटी३ गाड्या, फरक फक्त चालवणाऱ्याचा. एफआयए चालकांना प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ असे दर्जे देते आणि एलएमजीटी३च्या प्रत्येक गाडीत एक ब्रॉन्झ लागतोच.

तुमच्याकडे असं बघा. मागच्या सीझनमध्ये लीडरच्या सर्वोत्तम लॅपपासून दीड टक्क्याच्या आत जे होते ते प्रो, बाकीचे ॲम. एकच ग्रिड, एकच शर्यत, गुणांचे दोन तक्ते. सीझनच्या मध्ये कोणालाही वर ढकलायचं नाही. नाहीतर लोक लॅप टाइम लपवायला लागतात. तुम्ही पाठवलेल्या यादीत दोघं अजून जेवणाच्या टेबलाला स्टिअरिंग क्लॅम्प करून चालवतात असं दिसतंय. त्यांना घणसोलीच्या त्या रोज दोन तास सराव करणाऱ्या पठ्ठ्याबरोबर एकाच तक्त्यात घालाल तर दिवाळीपर्यंत ते दिसणार नाहीत. माझ्या लीगमधून पहिली गेली ती अशीच माणसं, आणि त्यांच्या जाण्याने ग्रिड रिकामी झाली. भांडणारे शेवटपर्यंत टिकून होते!

आता जीटी३तल्या जीटी३तही बीओपी लागेलच, कारण कोणी निसान घेईल, कोणी पोर्शे. ते ठरवणारा माणूस शर्यतीत नसलेला हवा. आणि चाचणीतल्या आकड्यांवर जायचं नाही, शर्यतीतले घ्यायचे. २०१६ला ल माँच्या क्वालिफाइंगमध्ये फोर्ड आणि फेरारी असे काही सुटले की शर्यतीच्या तोंडावर आयोजकांना दोघांचेही आकडे बदलावे लागले, फोर्डचं बूस्ट कमी करून वजन वाढवलं, फेरारीवरही वजन चढवलं. एलएमजीटी३ला तर गाडीच्या ड्राइव्हशाफ्टवर टॉर्क सेन्सर बसवलेत, म्हणजे चाकांकडे किती जोर जातोय ते थेट मोजता येतं. तुमच्याकडे टेलिमेट्री, म्हणजे गाडीची क्षणाक्षणाची नोंद, आहेच. अख्ख्या लॅपचा टाइम बघू नका, सेक्टरचा, म्हणजे ट्रॅकच्या एकेका तुकड्याचा, वेळ आणि सरळ रस्त्याचा वेग बघा.

त्याहून सोपं हवं असेल तर जपानच्या सुपर जीटीसारखं गुणांप्रमाणे वजन चढवा. जिंकला की पुढच्या शर्यतीला एन्ट्री लिस्टमध्ये त्याच्या नावाखालचा बॅलास्ट वाढला. कोणावर संशय नाही, कोणाचा फोन नाही.

'निम्मे तुमचे, निम्मे आमचे' हे बाकीच्या नियमांतही करू नका. तुमच्या दोन्ही फाइली वाचल्या. ठाण्याचं तक्रारीचं कलम सरस आहे, शर्यत संपल्यावर २४ तास कोणी तक्रार लिहायची नाही, हे जसंच्या तसं घ्या. पिटचे नियम नवी मुंबईचे घ्या, ठाण्याचे गोंधळाचे आहेत. सेटअपवर, म्हणजे गाडीच्या जुळवणीवर, मात्र तुमच्यात उघड विरोध आहे, एकीकडे फिक्स, दुसरीकडे मोकळा, आणि मसुद्यात 'शक्यतो फिक्स' असं लिहिलंय. ते 'शक्यतो' आजच काढा. टोयोटाच्या जीटी-वन गाडीची गंमत माहीत असेल. रस्त्यावरच्या गाडीत सामान ठेवायला जागा हवी असा नियम होता, तर यांनी पटवून दिलं की पेट्रोलच्या रिकाम्या टाकीत सूटकेस मावते. आणि ते मान्य झालं! तुमच्या २८ जणांत असा एक तरी निघेलच.

राहिला ठाणेकरांचा मान. जीटीईला २०२३चं एक वर्ष निरोपाचं मिळालं, तसं त्यांना द्या. गणपतीआधी तीन शर्यती, फक्त जीटी२, नवी मुंबईच्या लोकांनीही त्यात एबीएसशिवाय चालवून बघायचं. शेवटची चार तासांची, जोडीने, एक ठाण्याचा एक तिकडचा. पावसात लाईट गेली तर जोडीदार आहेच.

आणि हे सगळं व्हॉट्सॲपवर मतदान घेऊन ठरवू नका. ऐरोलीला भेटा, ठाणे-वाशी लोकलवर दोन्हीकडच्यांना मध्ये पडतं. येताना मागच्या सीझनचे निकाल छापून आणा, प्रो-ॲमची यादी तिथेच सगळ्यांसमोर करून टाका. यादीवर एकमत झालं की एन्ट्री लिस्टची फाइल मला इथे पाठवा, वजनाचे आकडे मग मीच भरून देतो.