केस मोजू नकोस, कपाळाचे कोपरे बघ

"ताई, मी २३ चा आहे, इंदूरला रामबागेत राहतो, भंवरकुआला कोचिंग करतो. वर्षभरापासून कपाळ दोन्ही बाजूंनी मागे सरकतंय आणि आता महिनाभर तर मुठीत केस येतायत. आई म्हणते बोरिंगचं पाणी, मित्र म्हणतो टोपी घालतोस म्हणून. बाबांना पूर्ण टक्कल आहे. एका क्लिनिकवाल्यांनी पॅकेज सांगितलंय, आजच पैसे भरले तर निम्म्यात. फोटो नकोत म्हणून चुलतबहिणीच्या लग्नाला जायचंच नाही असं ठरवलंय. तीन महिन्यांपूर्वी डेंग्यू झाला होता, बाकी तब्येत ठीक."

अरे बाळा, सगळ्यात कामाची गोष्ट तू शेवटच्या ओळीत लिहिलीस! डेंग्यू, टायफॉइड असा जोराचा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरचे केस मुठीमुठीने गळायला लागतात, आणि माणूस हादरतो कारण तोवर तो ताप विसरून गेलेला असतो. हे केस बहुतेक वेळा काही महिन्यांत आपले आपण परत येतात. म्हणजे बाथरूमच्या जाळीवरचा जो गुंता बघून तुझी झोप उडालीय ना, त्याची मला तेवढी काळजी नाही वाटत.

काळजी वाटते ती कपाळाच्या कोपऱ्यांची, कारण ते तापाच्या आधीपासून चाललंय. पुरुषांचं टक्कल मुठीने येत नाही रे, हळूच येतं. केस प्रत्येक वेळी आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो आणि शेवटी नुसती लव राहते. म्हणून गळालेले मोजत बसू नकोस, रोज ५० ते १०० केस तर सगळ्यांचेच जातात. सकाळच्या उजेडात गच्चीवर जा, कपाळाच्या कोपऱ्यातला एक केस आणि डोक्याच्या मागचा एक केस शेजारीशेजारी धरून बघ. पुढचा चांगलाच बारीक दिसला तर ते सुरू झालेलं असू शकतं. दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढ, कपाळाचा आणि टाळूचा, रोज आरशात बघून काही कळत नाही.

बोरिंगच्या पाण्याने केस राठ होतात, मधूनच तुटतात, पण टक्कल पडत नाही. टोपीचाही काही दोष नाही. हे आनुवंशिक असतं, आईकडून येतं तसंच बाबांकडूनही, आणि डीएचटी नावाच्या हार्मोनमुळे मुळं आकसत जातात. माझ्या धाकट्या भावाने दोन वर्षं निरनिराळी तेलं चोळली आणि डॉक्टरकडे गेला तेव्हा पुढचं अर्धं गेलेलं होतं, ते मला अजून लागतं, कारण तेल आणून देणारी मीच होते.

तर पॅकेजचे पैसे आज भरू नकोस. जे "आजच" म्हणतात त्यांच्याकडे तर नकोच. एम.वाय. हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत जा, नाहीतर घराजवळच्या एखाद्या एमडी स्किनवाल्यांकडे. डेंग्यूचं आधी सांग, ते हिमोग्लोबिन, थायरॉइड वगैरे तपासायला सांगतील. मिनॉक्सिडिल, म्हणजे केस वाढायला डोक्याला लावायचं औषध, दिलं तर पहिले काही आठवडे केस उलट जास्त गळू शकतात, तेव्हा घाबरून सोडू नकोस. फरक दिसायला चार-सहा महिने लागतात आणि बंद केलं की मिळालेलं हळूहळू परत जातं, हे आधीच समजून सुरू कर. टक्कल थोपवायला देतात ती फिनास्टराइडची गोळी मात्र मित्राच्या सांगण्यावरून दुकानातून आणायची नाही. काही जणांना त्याने लैंगिक इच्छा कमी होते, मन उदास होतं, ते डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलूनच घ्यायचं. आणि नाण्याएवढा गोल गुळगुळीत चट्टा पडला किंवा टाळू लाल होऊन दुखायला लागली तर थांबूच नकोस, तो प्रकार वेगळा.

लग्नाला जा रे. बहीण तुला शोधेल. आणि तिथे बाबांजवळ जरा बसून विचार की त्यांचे केस कितव्या वर्षी जायला लागले, आजोबांचं कसं होतं, डॉक्टर हे विचारणारच आहेत आणि तू बाबांना हे अजून कधी विचारलंच नसशील.